प्रगतीपुस्तकातला बाप

रघू, जिवंत असताना ज्याच्यासाठी आख्ख्या वर्गानं उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली, असा नाशकात मी एकटाच असेन. शांतता तुझ्यासाठी होती, माझं नुसतं नाव वापरलं.

तुला हे माहीत नाय. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी पूनम शाळेत गेली आणि पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकून रडली. शेजारच्या पोरीनं मॅडमना सांगितलं, हिचे बाबा वारले. त्या पोरीची तरी काय चूक? पाचवीपासून दर ओपन डेला पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून जो माणूस पूनमशेजारी बसायचा, तो गेला असं तिनं ऐकलं होतं. मॅडमनी वर्ग उभा केला. पूनम पण उभी राहिली. संध्याकाळी घरी आली, दप्तर ठेवलं आणि म्हणली, "बाबा, शाळेत तुम्ही वारलात."

मी चहात खारी बुडवत होतो. "कधी?"

"आज. सव्वाअकराला."

"मग सांगायचं ना, की नाय वारले म्हणून."

"काय सांगू? पाच वर्षं खोटा बाप आणत होते, असं?"

खारी तुटून चहात पडली. तुझ्यासाठी रडायचं सोडून मी बोटानं ती खारी काढत बसलो. असा मी.

पाच वर्षं ओपन डे झाला की तू दुकानात येऊन मला सांगायचास काय काय झालं ते. ह्या खेपेला मी गेलो होतो. म्हणून आता मी सांगतो, तू ऐक. मोबाइलात बोलून ठेवतोय. मला लिहिता येत नाय हे तुला सांगायला नको, आणि जे एक लिहिता येतं त्यानंच तर सगळा घोळ केला.

आपण दोघं एकाच चिवड्याच्या दुकानात. तू पुढं काउंटरला, मी मागं कढईवर कांदा तळायला. गिऱ्हाईक तुला तोंडानं ओळखायचं, मला वासानं. मी शाळेत गेलो ते एकूण दीड दिवस, घोटीकडं गावात. अर्ध्या दिवसात गुरुजींनी मला ओळखलं आणि राहिलेल्या एका दिवसात मी गुरुजींना. पूनमची आई होती तोवर शाळेचं सगळं तीच बघायची. ती गेली तेव्हा पोर चौथीत. पाचवीला मोठ्या शाळेत घातली आणि पहिल्याच पालकसभेला मी गेलो. ती गोष्ट तू निदान शंभर जणांना सांगितलीस. दर वेळी मी शेजारीच उभा असायचो आणि सगळ्यांच्या आधी हसायचो.

दारावरची पाटी वाचता येईना, म्हणून गर्दी दिसली त्या वर्गात शिरलो. एकेका पालकाला बोलवत सर प्रगतीपुस्तक देत गेले. शेवटी माणूस मी एकटा उरलो आणि टेबलावर पुस्तकही एकच उरलं. सरांनी जोडी लावली. "तुमचा मुलगा दुसऱ्यांचे डबे खातो," सर म्हणले. "इंग्रजीत काही नाही. आणि गेल्या आठवड्यात वर्गात उंदीर सोडला." मला मुलगा नाय, मुलगी हाय, एवढं सांगायला किती अक्षरं लागतात? पण सरांच्या हातात लाल पेन होता. मी उभा राहून म्हणलो, "आजच हाणतो, सर." आणि अंगठा लावून आलो. कोणाच्या तरी उंदरावर माझा अंगठा हाय अजून त्या शाळेत.

तू पोट धरून हसलास. मग डोळे पुसत म्हणलास, "तू कढई सांभाळ. पुढच्या वेळी मी जातो, काका म्हणून."

तिथून सुरुवात. पहिल्या खेपेला गेलास आणि परत आलास ते चेहरा पाडून. "अरे, पूनमचे बाबा ना, या, बसा, म्हणून खुर्ची दिली रे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर हातात पेन."

"मग?"

"मग काय. सही केली. तुझी."

माझी सही तुझ्या हातून जन्माला आली. दत्तू, आणि खाली मिरचीसारखं एक शेपूट. घरी कधी कागद आला तर मलाही तीच करता यावी म्हणून तू पुड्याच्या कागदावर काढून दिलीस. महिनाभर मी ती झाऱ्याच्या दांड्यानं तळलेल्या पोह्यांच्या परातीत गिरवली. मालक विचारायचे, हा काय शोधतो रे पोह्यात? जगात मला लिहिता येतं ते एवढंच, रघू. माझं नाव, तुझ्या अक्षरात.

मला वाटलं, सुटलो. तुला वाटलं, अडकलो. आणि पुढं पुढं तुला ते अडकणं गोड लागायला लागलं, हे मला दिसत होतं. तुझं लग्न नाय, पोर नाय. ओपन डेच्या आदल्या दिवशी तू शर्ट इस्त्रीला टाकायचास. मालकांकडं सुट्टी मागताना म्हणायचास, "शाळेत बोलावलंय." कोणाच्या शाळेत ते सांगायचाच नाहीस.

सहावीत तू येऊन म्हणलास, "पूनमला ब-एक श्रेणी आहे."

"म्हणजे पास का नापास?"

"आठवीपर्यंत नापास कोणी होतच नाही."

"आयला, मग मी उगाच पळालो."

ह्यावर तू हसला नाहीस. "दत्तू, नापास करत नाहीत म्हणजे येतं असं नाही. तिला भागाकार येत नाही. मी बसून बघितलं. आणि कागदावर लिहिलंय, गणितात प्रगती चांगली."

मी काय म्हणलो आठवतं? "शाळेनं चांगली लिहिलंय ना? मग तुला कशाला खाज?" पोरीचा बाप बोलला हे. मला चांगली हा शब्द पाहिजे होता, भागाकार कोणाला पाहिजे होता? दुकानात येईल त्याला सांगायचो, पोरीची प्रगती चांगली हाय, छापील हाय.

तू मात्र दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिला काउंटरमागं स्टुलावर बसवायचास. पुड्याच्या कागदावर गणितं. तुला स्वतःला दहावीला त्याच गणितानं दोनदा पाडलेलं. अडलं की तू सरळ सांगायचास, "मलाही येत नाही. उद्या मॅडमना विचार. आणि न विचारता आलीस तर मला कळेल." एकदा ती लाजली, विचारलं नाय, तर तू तिला हाताला धरून परत शाळेत नेलंस. मॅडम गेटावर स्कूटर चालू करत होत्या. तू हात आडवा करून म्हणलास, "मॅडम, एकच मिनिट. हिचं एक गणित राहिलंय." मॅडमनी हेल्मेट घालूनच ते सोडवून दिलं. ह्याच मॅडम आठवीपासून दहावीपर्यंत तिच्या वर्गशिक्षिका. तेव्हा पूनमला वाटलं होतं, जमीन दुभंगावी. आता स्वतःहून जाते.

आठवीत तुझं त्या मॅडमशी वाजलं. त्या वर्षी प्रगतीपुस्तकात प्रत्येक विषयाच्या पुढं ओळी लिहिलेल्या होत्या. चित्रकलेत विशेष रस घेते. गटात काम करताना सहकार्य करते. पोरीनं जन्मात ब्रश धरला नाय. तू शेजारच्या बाकावरच्या पोरीचं पुस्तक मागून घेतलंस. तिच्यातही त्याच ओळी, त्याच क्रमानं. तू उठून टेबलापाशी गेलास. मॅडमनी ड्रॉवर उघडून एक पुस्तिकाच दाखवली. तयार वाक्यांची. "यातून निवडायच्या असतात. साठ मुलं, आठ विषय, वर सगळं ऑनलाइन भरायचं. तुमची एकटीच आहे का?"

तू म्हणलास, "मग वाईट लिहा. पण तिचं लिहा."

आणि त्यांना तुझ्या लहानपणच्या गुरुजींचा शेरा सांगितलास. डोके बरे, बूड जड. "शिवी होती, मॅडम. पण माझी होती. चाळीस वर्षं झाली, अजून पाठ आहे."

दुकानात आलास आणि पाणी प्यायलास. मला वाटलं आता मॅडमना शिव्या घालशील. तू म्हणलास, "त्यांचंही बरोबर आहे रे. साठ पोरांचं साठ तऱ्हेनं कोण लिहील?" आणि दर ओपन डेला परत तेच मागायला जायचास. नववीत एकच शब्द, समाधानकारक. तू त्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसलास. मी विचारलं, काय लिहिलंय? तू म्हणलास, "काही नाही." मला वाटलं मला टाळतोस. तू खरं तेच सांगत होतास.

आता कडू ते सांगतो. ह्या वर्षीचा, दहावीतला, दिवाळीनंतरचा ओपन डे. सहामाहीच्या निकालाचं पत्र घेऊन पूनम पळत दुकानात आली आणि काउंटरलाच थांबली. "काका, शनिवारी तू येशील ना?" तुला ती अरे-तुरे करायची, मला अहो-जाहो. मी झारा हातात घेऊन मागच्या दारात उभा. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाय. मी म्हणलो, "पोर माझी हाय का तुझी?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. तू चष्मा काढून पुसलास. "तुझी. म्हणूनच म्हणतो, शनिवारी तू जा."

"जाईन."

"जा."

रघू, मी गेलो होतो. हे तुला ठाऊक नाय, किंवा ठाऊक असेल तर तू बोलला नाहीस. कांद्याचा वास जावा म्हणून दोनदा अंघोळ केली, नवा शर्ट घातला, आणि शाळेसमोर रसाच्या गाड्यामागं जाऊन उभा राहिलो. तू गेटावर होतास. पांढरा शर्ट घातला नव्हतास, चौकड्याचा घातला होतास. म्हणजे आत जायचं ठरवून आला नव्हतास. मी येतो का ते बघायला आला होतास. घड्याळात बघायचास, मग रस्त्याकडं. मी एक ग्लास रस घेतला. मग दुसरा. मग तिसरा. थंडीत तीन ग्लास रस पिणारा माणूस बघून गाडीवाल्यानं विचारलं, "काय दादा, कावीळ झालीय का?" मी म्हणलो, हो. पालक आत जात होते, बाहेर येत होते. वीस पावलांचा रस्ता होता. मी अख्खा जन्म दुसऱ्यांना हसवलं, पण त्या गेटातून मला कोणी हसेल ह्या भीतीनं माझे पाय उचलले नाय. शेवटी तू एकदा रस्त्याकडं बघितलंस, खिशाचा पेन चाचपलास आणि आत गेलास.

त्यानंतर अकरा दिवस आपण बोललो नाय. मी कांद्याची परात आणून ठेवायचो, तू भिंतीकडं बघत ती घ्यायचास. बाराव्या दिवशी तू काउंटरवर बसल्या जागी वाकलास. दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी होती आणि मी तुला उंदराची गोष्ट सांगत बसलो. दुसरं काही येतच नाय मला. रसाच्या गाड्यामागं मी होतो, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. ते राहिलं. तू डोळे मिटून होतास. हसलास का नाय, कळलं नाय.

आता परवाच्या शनिवारचं. पूर्वपरीक्षा झाली. पूनम म्हणली, "मॅडम म्हणाल्यात, घरचं कोणीतरी मोठं माणूस घेऊन ये. पेपर बघून प्रगतीपुस्तकावर सही केल्याशिवाय बोर्डाचं प्रवेशपत्र देणार नाहीत."

"येतो मी."

"काका म्हणून या."

"कोणाचा काका?"

"माझा. बाबा तर वारलेत ना? आई नाही. मग उरलं कोण? आणि तिथे विनोद करू नका. सही करायची आणि उठायचं."

बघ रघू. तू काका असून पाच वर्षं बाप झालास. मी बाप असून काका म्हणून निघालो. रसाचा गाडा दिसला. मी त्याच्याकडं न बघता गेट ओलांडलं. पूनमनं माझी बाही धरली होती. धीर द्यायला नव्हे, पळू नये म्हणून.

मॅडमनी खुर्ची दिली. मी टेकलो अर्धाच, उठायला बरं म्हणून. पोरीचे पेपर पुढं ठेवले. मी पानं उलटली, मान हलवली. गणिताच्या पेपरावर लाल रंग जास्त होता, एवढं मलाही कळलं. मॅडम म्हणल्या, "गणित काठावर आहे. पण पोरगी सोडत नाही. तुम्ही वडिलांचे भाऊ का?"

"हो. धाकटा." तोंड सुटलं की मला थांबता येत नाय. "तो लय हुशार होता."

"भांडखोर होते," मॅडम म्हणल्या. "दर वेळी माझ्याशी भांडायचे. आता ह्या टेबलासमोर तसं कोणी येत नाही." आणि पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "इथे सही करा."

मी पेन घेतला, जीभ दातात धरली आणि सही केली. मन लावून केली, शेपटासकट. वर बघितलं तर मॅडम पुस्तकाकडं बघतायत. वरच्या रकान्यात सहामाहीची सही. खाली ही. दोन्ही सारख्या.

"ही तर पूनमच्या वडिलांची सही आहे," मॅडम म्हणल्या. "दत्तू. वारलेल्या माणसाची सही तुम्ही का करताय?"

काका व्हायला निघालो आणि काकाचं नाव काय लिहायचं हे ठरवलंच नव्हतं. ठरवलं असतं तरी लिहिता आलं नसतं. पूनमनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं प्रवेशपत्र. माझ्या एका शेपटापायी पोरीची दहावी गेली.

"मॅडम, मला एवढंच लिहिता येतं," मी म्हणलो. "तो दत्तू मीच हाय."

"कोण?"

"वारलेला."

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला लोकांचं हसणं नको होतं. मी सगळं सांगितलं. उंदीर सांगितला, परातीतले पोहे सांगितले, रसाचे तीन ग्लास पण सांगितले. तुला जे सांगायचं राहिलं ते एका परक्या बाईला सांगून बसलो. "पोरीचा दोष नाय," म्हणलो. "प्रवेशपत्र अडवू नका. मला काय ते करा."

मॅडमनी वरची सही परत एकदा बघितली. मग म्हणल्या, "म्हणजे भांडायला यायचे ते..."

"माझा दोस्त. रघू."

"त्यांची मुलगी नव्हती ही?"

"नाय."

त्यांनी ड्रॉवरमधून प्रवेशपत्र काढून पूनमच्या हातात दिलं. मी सुटलो म्हणून उठायला लागलो, तर मॅडमनी पुस्तक परत स्वतःकडं ओढलं. "थांबा. शेरा बदलायला हवा. मी काय लिहून बसलेय बघा." आणि वाचून दाखवलं.

वडिलांचे छत्र हरपूनही पूनमने अभ्यास सोडला नाही. गणित कच्चे आहे, पण अडले की लाज न बाळगता येऊन विचारते. ही सवय तिला वडिलांनी लावली.

रघू, लिहिलं बघ. पाच वर्षं मागत होतास ना, तिचं लिहा, तिचं लिहा? पुस्तिकेतलं नाय हे. साठातल्या दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात ही ओळ सापडणार नाय. पण त्यासाठी तुला मरावं लागलं, आणि ऐकायला तिथं बसलो होतो मी. मला कळलं, ह्या कागदावर आपल्या दोघांत पास कोण झालं. तरी एक मन म्हणलं, खोडल्यावर तरी तिथं माझी जागा होईल.

मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं. "शाळेच्या कागदावर चुकीचं राहायला नको. शेवटचं वाक्य खोडते."

पूनमनं पुस्तकावर हात ठेवला. "नको मॅडम. बरोबर आहे ते."

"अगं, वडील तुझे इथे समोर बसलेत."

पूनमनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाय, साधंच. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडं बघतात तसं.

"हे आजच आलेत," ती म्हणली.